बारमाही यंत्र आणि हंगामी माणूस



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान येऊन गेले. मी त्यांच्या पंक्तीत बसणारा नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकापुढे आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करतो आहे. तेव्हा ज्या गोष्टींशी रोजचा संबंध आला त्यांच्याविषयीच बोलावे, हे बरे. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "लहान ट्रॅक्टर : गवत कापणारा आणि बर्फ उपसणारा." चालक जरा घुटमळले. गवताचे ठीक आहे, पण पापडीत बर्फ कुठला? आपल्याकडे बर्फ येतो तो कोळीवाड्यात मासळीवर टाकायला आणि उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या खिसणीवर. त्याला ट्रॅक्टर लागत नाही. परंतु गवत आणि बर्फ ही दोन नावे मी जोडीने का घेतली हे ध्यानात आले, की आजचे अर्धे व्याख्यान झालेच असे समजा.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. नांगरटीचा मोठा ट्रॅक्टर आपण सर्वांनी पाहिला आहे. तो बहुधा चाळीस-पन्नास अश्वशक्तीचा असतो. घाटावरच्या सलग रानात तो शोभतो. आपल्या वसईच्या वाडीत त्याला वळायलाही जागा नाही. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला नारळ, मधून पाटाचे पाणी, आणि दर दहा-वीस गुंठ्यांवर बांध. अशा जागेसाठी पंधरा ते तीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर निघाले. जपानच्या कुबोटाचे आहेत, आपल्या महिंद्राची जिवो मालिका आहे. महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून ट्रॅक्टरच्या धंद्यात पाऊल टाकले ते १९६३ साली, आणि कारखाना काढला तो कांदिवलीला. म्हणजे आपण रोज ज्या लोकलने मुंबईला जातो त्याच मार्गावर. ट्रॅक्टर हा पंजाबचा पाहुणा आहे असे समजण्याचे कारण नाही; तो आपल्या शेजारी घडला आहे.

या यंत्राचे मर्म त्याच्या पाठीशी असते. तेथे दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे अवजार अडकवण्याचे तीन दांडे: खाली दोन, वर एक. तेलाच्या दाबाने ते वरखाली होतात. ही युक्ती हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाची. तिचे मूळ पेटंट १९२६ मधले. त्यापूर्वी नांगर साखळीने मागे बांधत. नांगर एखाद्या खडकात अडकला, की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जात आणि तो उलटा होऊन चालकाच्याच अंगावर येई. फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरच्या अंगाशी असा जोडला की तो ओढ खाऊ लागताच पुढची चाके जमिनीत दाबली जावीत. दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागे काढून देणारा फिरता दांडा. चालक मंडळी त्याला पीटीओ म्हणतात. मिनिटाला ५४० फेरे हे त्याचे सर्वमान्य प्रमाण. या दांड्याला जे जोडाल ते फिरते. गवत कापायचे पाते जोडा, गवत कापले जाईल. माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर जोडा, मशागत होईल. पंप जोडा, पाणी येईल. आणि ज्या देशात हिम पडते तेथे हिवाळा आला की त्याच दांड्याला बर्फ फेकणारे यंत्र जोडतात.

कॅनडात, अमेरिकेच्या उत्तर भागात, युरोपात गावोगावी हा क्रम चालतो. मे ते सप्टेंबर हा लहान ट्रॅक्टर बागेचे, मैदानाचे, रस्त्याकडेचे गवत कापतो. नोव्हेंबर उजाडला की कापणीचे अवजार काढून छपरात ठेवतात आणि पुढे बर्फ लोटायचे फाळ किंवा बर्फ फेकायचा पंखा लावतात. आपल्या वसईतली कितीतरी मुले आज तिकडे आहेत; त्यांच्या आईबापांनी हे दृश्य फोनवर पाहिले असेल. तात्पर्य असे, की गवत आणि बर्फ हे एकाच यंत्राचे दोन हंगाम आहेत. अवजार बदलते, यंत्र बारा महिने राबते. यंत्र विकत घेणाऱ्याचा हिशेब यावरच उभा असतो. लाखो रुपये घालून आणलेली वस्तू आठ महिने छपराखाली उभी ठेवणे कोणाला परवडणार?

आता या अवजारांच्या जन्मकथा ऐका, कारण त्यांत आपल्या कामाची एक गोष्ट आहे. गवत कापायचे पहिले यंत्र काढले एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने. तो ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउड गावाजवळ राहत असे. तो भाग लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांचा. कापड विणून झाल्यावर त्यावरची लव एकसारखी कातरावी लागते. त्यासाठी गिरणीत एका रुळावर पाती बसवलेले यंत्र असे. बडिंगच्या मनात आले, कापडावरची लव जर अशी कातरता येते तर जमिनीवरची का नाही? म्हणजे गवत कापायचे यंत्र गिरणीतून बाहेर आले. तसेच बर्फ फेकणाऱ्या यंत्राचे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला आर्थर सिकार्ड हा दूधदुभत्याच्या शेतावर वाढलेला माणूस. शेतातल्या धान्याच्या यंत्रातली फिरती पाती पाहून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. मळसूत्रासारखे पाते बर्फ मध्ये ओढते आणि पंखा तो नळकांड्यातून दूर फेकतो. त्याने असे यंत्र १९२५ साली बनवले आणि १९२७ साली माँट्रियलशेजारच्या उत्रमाँ गावाला पहिले विकले. एका धंद्यातली युक्ती दुसऱ्या धंद्यात जाते आणि तेथे नवे काम उभे करते. यंत्राला असे धंदे बदलण्याची मुभा पहिल्यापासून आहे. माणसाला आहे का, हा माझा प्रश्न आहे.

बडिंगच्या यंत्राचे पेटंट ३१ ऑगस्ट १८३० चे. त्याच आठवड्यात इंग्लंडच्या केंट परगण्यात शेतमजुरांनी रात्री जाऊन एका शेतावरचे मळणीयंत्र फोडले. पाहता पाहता ते लोण दक्षिण इंग्लंडभर पसरले. 'कॅप्टन स्विंग' या कल्पित नावाने मालकांना धमकीची पत्रे जाऊ लागली. हे मजूर वेडे होते काय? हिवाळ्यात शेतात दुसरे काम नसे. धान्य हाताने झोडपून काढणे हीच त्यांची चार महिन्यांची भाकर. मळणीयंत्राने नेमकी ती हिवाळ्याची भाकर काढून घेतली. सरकारने बंड मोडले. १९ जण फासावर गेले आणि पाचशेच्या आसपास लोकांना काळ्या पाण्यावर, ऑस्ट्रेलियात पाठवले. इतिहासाच्या पुस्तकात या लोकांना यंत्राचे शत्रू म्हणून हिणवलेले आढळते. पण त्यांनी सरसकट सगळी यंत्रे फोडली नाहीत. त्यांचा राग मुख्यतः त्या यंत्रावर होता ज्याने त्यांचा एक हंगाम खाल्ला. मालकाचे वर्ष बारा महिन्यांचेच राहिले; मजुराचे वर्ष आठ महिन्यांचे झाले.

एवढ्या लांब जायलाही नको. गवताची गोष्ट आपल्या जिल्ह्यात घडली आहे. आज आपण पालघर जिल्हा म्हणतो. २०१४ पर्यंत तो ठाण्याचाच भाग होता. या भागातल्या डोंगरउतारांवरचे गवत पावसाळ्यानंतर कापायचे, दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि आगगाडीने मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या, हा मोठा व्यापार होता. मुंबईच्या म्हशी जे खात ते आपल्याकडच्या वारल्यांच्या विळ्याने कापलेले असे. कापणारा मात्र वेठीला बांधलेला. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेने उंबरगाव-डहाणूकडे वेठीविरुद्ध चळवळ उभी केली. त्या वर्षीच्या गवतकापणीच्या हंगामात वारली मजुरांनी संप पुकारला. मागणी काय होती? ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. आजच्या मापात सव्वादोनशे किलोहून थोडे अधिक. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी, असे पाच जण मेले. तरीही संप मोडला नाही, आणि शेवटी जमीनदारांना दर द्यावा लागला.

श्रोतेहो, ही मागणी नीट पाहा. दिवसाला इतके द्या, असेही ते लोक मागत होते. पण गवताला त्यांनी वजनाचा दर मागितला. कोणत्याही शाळेत न गेलेल्या माणसांनी कामाचे माप ठरवून घेतले. काम किती आणि त्याचे दाम किती, हे मालकाच्या मर्जीवर न राहता सर्वांना दिसेल असे झाले. यंत्र आले की पहिल्यांदा बिघडते ते हे माप.

कसे ते सांगतो. लहान ट्रॅक्टरमागचे कापणीचे अवजार साधारण १.२ मीटर, म्हणजे चार फूट रुंद असते. ट्रॅक्टर ताशी चार किलोमीटर चालला तर तासाला ४,८०० चौरस मीटर पट्टा कापला जातो. वळणे, अडथळे, एकावर एक येणारे पट्टे यांत चौथा हिस्सा गेला असे धरा. तरी तासाला ३५ गुंठे होतात. एका विळ्याने ३५ गुंठे कापायला किती दिवस लागतील, हे या सभागृहात ज्यांनी विळा धरला आहे ते सांगतील. मग आता दर कशावर बांधायचा? गुंठ्यावर बांधला तर विळेवाला उपाशी मरतो. रोजावर बांधला तर चालकाने एका दिवसात कितीही कापले तरी हातात तेच पैसे. वाचलेले दिवस गेले कोणाच्या खिशात? यंत्राने श्रम वाचतात हे खरेच आहे. वाचलेल्या श्रमाचा वाटा कोणाला, हे यंत्राला ठरवता येत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते.

आपल्या वसईला याचा अनुभव जुना आहे. आपल्या वाडवडिलांनी विहिरींवर रहाट चालवले. पुढे तेलाची इंजिने आली, मग विजेचे पंप आले. बैलाचे कष्ट वाचले, मुलांना पहाटे रहाटावर बसावे लागेना, शाळेत जाता आले. पंपाने भले केले. मग एक काळ असा आला की त्याच विहिरींवर, तशाच पंपांनी, टँकर भरू लागले. पाणी वाडीला जाण्याऐवजी बांधकामांना आणि वसाहतींना जाऊ लागले, आणि किनाऱ्याकडच्या विहिरी मचूळ झाल्या. लोकांना चळवळ करावी लागली. पंपात काही फरक पडला होता काय? पंप तोच होता. त्याचे बटण कोणाच्या हाती आणि कशासाठी, एवढेच बदलले होते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ट्रॅक्टर बारमाही केला जातो तो अवजार बदलून. माणूस मात्र अवजारासारखा वापरला जातो: हंगाम संपला की काढून ठेवायचा. फरक इतकाच, की अवजाराला छप्पर असते, त्याला ग्रीस लावून ठेवतात. हंगाम संपलेल्या मजुराला कोण छपरात ठेवतो?

हिमालयातले उदाहरण देतो. सीमेवरचे रस्ते बांधण्यासाठी ७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटना स्थापन झाली. झोजीला, रोहतांग या खिंडींतला बर्फ दर वसंतात कापून रस्ता मोकळा करणे हे तिच्या कामातले मोठे काम. बर्फ कापणारी प्रचंड यंत्रे आहेत, बुलडोझर आहेत. पण यंत्र जेथे पोचत नाही तेथे फावडे घेऊन उभा असतो तो झारखंडच्या दुमका भागातून आलेला मजूर. संघटनेच्या भाषेत हा नैमित्तिक मजूर; एका वेळची नेमणूक १७९ दिवसांपर्यंतची. १८० व्हायला एक कमी! कामगार चळवळीतल्या माणसाला अशा आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला २४० हा आकडा आम्ही जपमाळेसारखा घोकत आलो आहोत, आणि त्या आकड्याच्या अलीकडे माणसाला थांबवण्याची विद्या आमच्या इकडचे कंत्राटदारही घोकत आले आहेत. एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये सीमा सडक संघटनेच्या या मजुरांना दहा लाखांचा गट विमा मंजूर झाला. मेल्यावरची सोय झाली. जिवंतपणी पुढच्या हंगामाची खात्री, ही पायरी अजून चढायची आहे.

जीवाची गोष्ट निघाली म्हणून थोडे धोक्याविषयी बोलतो. भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. तो मागचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. दांडा तीन इंच जाडीचा धरला तर एका सेकंदात तो दोन मीटर कापड गुंडाळतो. ओढणी दोन मीटरच्या आसपास असते. 'अरे' म्हणायच्या आत माणूस आत ओढला जातो. म्हणून त्या दांड्यावर प्लॅस्टिकचे आवरण येते. ते तुटले की नवे बसवलेच पाहिजे. आणि पुष्कळ ठिकाणी तेच पहिल्यांदा काढून टाकलेले असते. पात्याचे गणितही करून पाहा. चार फुटी अवजारातले पाते मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर त्याचे टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वेगाने फिरते. त्याखाली खडा आला तर तो गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. खांद्यावर अडकवून चालवायचे गवत कापायचे मशीन हेही त्याच जातीचे. माझ्या ओळखीतला एक बावीस वर्षांचा तरुण असल्याच खड्याने एका डोळ्याला मुकला. कंत्राटदाराने त्याला मशीन दिले होते, पेट्रोल दिले होते, डोळ्यांवरचा चष्मा दिला नव्हता. चष्मा शे-दीडशे रुपयांचा. त्या तरुणाची भरपाई मिळवायला आम्हाला दोन वर्षे खेटे घालावे लागले, आणि तोवर तो कंत्राटदार दुसऱ्या नावाने दुसरीकडे काम घेऊन बसला होता.

तिकडे बर्फाच्या यंत्रांतही हेच होते. ओला बर्फ पंख्यात अडकतो, माणूस हात घालून काढायला जातो, आणि अडकलेले पाते सुटताच बोटे जातात. आपल्याकडे ओले गवत पात्याला गुंडाळते. दोहोंना एकच नियम: इंजिन बंद, किल्ली खिशात, पाते थांबेपर्यंत वाट, आणि मग काठीने काढायचे, हाताने नव्हे. बांधावरून ट्रॅक्टर उलटण्याचा धोका निराळाच. स्वीडनने १९५९ साली असा नियम केला की नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या डोक्यावर पोलादी कमान असलीच पाहिजे. त्यानंतर त्या देशात ट्रॅक्टर उलटून चिरडले जाण्याचे मृत्यू घटत घटत जवळजवळ नाहीसे झाले. आपल्याकडेही मळणीयंत्रात हात जाऊ लागले तेव्हा १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. माणूस निष्काळजी असतो म्हणून अपघात होतो, असे मालक नेहमी म्हणतो. स्वीडनची माणसे १९५९ नंतर एकाएकी सावध झाली नव्हती. कमान बसली होती.

मग आम्ही कामगारांनी काय म्हणावे? यंत्र नको म्हणावे? मी तसे म्हणणार नाही. ज्या बाईने भर ऑक्टोबरच्या उन्हात ओणवे होऊन दिवसभर विळा चालवला आहे, तिच्यासमोर जाऊन विळ्याचे गुणगान करण्याचा अधिकार मला नाही. तिची कंबर वाचत असेल तर यंत्र आलेच पाहिजे. पण ते कोणत्या अटींवर, हे विचारायचा अधिकार तिला आहे.

या अटी नव्याने शोधण्याचेही कारण नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, संप केला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. मालक म्हणत होते, एका विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत. मागाला कामगारांची ना नव्हती. दोन माणसे तिघांचे काम करतील तर उरलेले जातील कोठे, आणि वाढलेल्या कामाचे दाम काय, हा झगडा होता. तो पुढे तीस वर्षे चालला. जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार असे तिघे एकत्र बसले आणि यंत्रांच्या सुधारणेविषयी तीन गोष्टींवर त्यांचे एकमत झाले. पहिली, कामावर असलेल्यांपैकी कोणाला काढायचे नाही आणि कोणाची कमाई घटवायची नाही. दुसरी, यंत्रामुळे होणारा फायदा समाज, मालक आणि कामगार यांत न्यायाने वाटायचा. तिसरी, कामाचा बोजा किती हे दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांनी मोजायचे आणि कामाची परिस्थिती सुधारायची. हे कोणा लाल बावट्यावाल्याचे स्वप्न नव्हे. मालकांच्या प्रतिनिधींनी मान्य केलेले तत्त्व आहे. गिरण्या-कारखान्यांसाठी म्हणून ते झाले. गवताला ते लागू करायला काय हरकत आहे? गवत कापायचे यंत्र गिरणीतूनच बाहेर आले. त्याच्यामागून गिरणीतला न्यायही यावा, इतकेच मी म्हणतो.

प्रत्यक्षात हे कसे करता येईल? आपल्या वसईचेच वर्ष घ्या. मे महिन्यात नाल्यांतला गाळ काढायचा असतो. पावसाआधी मशागत असते. पावसाळ्यात मैदाने, उद्याने, रस्त्यांच्या कडा यांवर गवत माजते, विंचूकाट्याचे भय असते. दिवाळीच्या सुमारास वाळलेले गवत कापून न्यायचे असते, नाहीतर वणवा लागतो. उन्हाळ्यात झाडांना पाणी घालायचे असते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा वाड्यांत केळी आणि झाडे आडवी झाली, रस्ते बंद झाले. हाच आपला बर्फ, असे समजा. आमच्याकडे हिम पडत नाही, पण रस्ता अडवणारे काही ना काही दरसाल आकाशातून येतेच. या सर्व कामांना एकच लहान ट्रॅक्टर आणि चार-पाच अवजारे पुरतात. मग या सर्व कामांना तीच चार-पाच माणसे बारा महिने का नकोत?

आज होते असे, की गाळाचे कंत्राट एकाचे, गवताचे दुसऱ्याचे, झाडांना पाणी घालायचे तिसऱ्याचे. प्रत्येकाची माणसे वेगळी, हंगाम संपला की घरी. जव्हार-मोखाड्याकडून आलेला मजूर गवताच्या हंगामात आपल्याकडे, पुढे वीटभट्टीवर, मग कोठे ते त्यालाही ठाऊक नसते. त्याची मुले कोणत्या शाळेत जातील? त्याऐवजी जो विळा चालवत होता त्यालाच ट्रॅक्टर शिकवावा, त्यालाच सर्व अवजारे जोडायला आणि सोडायला शिकवावे, आणि त्याला वर्षभराचे काम द्यावे. कोणी म्हणेल, अडाणी माणूस ट्रॅक्टर कसा शिकेल? ज्याने गवताचा वजनी दर ठरवून घेतला त्याला अडाणी म्हणायचे धाडस मला होत नाही. आणि शिकणाऱ्यांत स्त्रियाही असाव्यात. विळा बहुतेक तिच्या हातात, आणि ट्रॅक्टर आला की चाक पुरुषाच्या हातात, ही वाटणी कोणत्या शास्त्रात सांगितली आहे?

दुसरा मार्ग सहकाराचा. आपल्या जुन्या मुंबई राज्यात १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या. झाडतोडीचे काम ठेकेदाराला न देता तोडणाऱ्यांच्या संस्थेला द्यायचे, हा विचार. त्यांतल्या काही चांगल्या चालल्या, काहींत ठेकेदारच मागल्या दाराने शिरला. तो दरवाजा कसा बंद करायचा हे आता आपल्याला ठाऊक आहे: हिशेब दर महिन्याला सभासदांसमोर मोठ्याने वाचायचा. २०१४-१५ पासून केंद्राची कृषी यांत्रिकीकरणाची योजना आहे. तीत गटाने मिळून अवजारे घ्यावीत आणि भाड्याने द्यावीत याला साहाय्य आहे. दहा वाडीवाल्यांनी मिळून एक ट्रॅक्टर घेतला आणि गवतकापणाऱ्यांच्या संस्थेला तो चालवायला दिला, तर वाडीही सांभाळली जाईल आणि माणूसही. तुमच्या गृहसंस्थेत गवत कापायला यंत्र येते ना? एवढे तरी करा: चालकाच्या डोळ्यांवर चष्मा आहे का, दांड्यावर आवरण आहे का, आणि गेल्या वर्षी आलेला तोच माणूस आहे का, हे तीन प्रश्न विचारा. पहिल्या दोन प्रश्नांनी त्याचा जीव वाचेल. तिसऱ्याने त्याचे वर्ष वाचेल.

यंत्र स्वस्त पडते की माणूस, असा हिशेब लोक मला नेहमी मांडून दाखवतात. त्या हिशेबात ट्रॅक्टरच्या डिझेलचा खर्च असतो, तेल बदलण्याचा असतो, झीज असते, विमा असतो, पावसाळ्यात झाकायच्या ताडपत्रीचाही असतो. माणसाच्या रकान्यात फक्त रोज लिहिलेला असतो. त्याची झीज, त्याचा विमा, त्याचे पावसाळ्यातले छप्पर लिहून पाहा, आणि मग स्वस्त कोण ते बोला. ट्रॅक्टरला जेवढे दिले तेवढे तरी माणसाला द्या, यापेक्षा मोठी मागणी आज मी करत नाही.